पत्र्यात गोल भोक: होल सॉ कोणता घ्यावा आणि कसा चालवावा?

पॅनेलवाला_भोसरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

माझं छोट्या कंट्रोल पॅनेलचं काम आहे. पंप स्टार्टर, जंक्शन बॉक्स, लहान पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कंट्रोलर) पॅनेल वगैरे. पत्रा बहुतेक वेळा सीआरसीए (कोल्ड रोल्ड साधं स्टील), १.६ मिमी, म्हणजे सोळा गेज. नवी पेटी करायची असली की सगळी भोकं ड्रॉइंगमध्येच देतो आणि फॅब्रिकेटरकडून लेझरवर कापून घेतो. त्यात वाद नाही. खरा प्रश्न पेटी रंगून साइटवर लागल्यानंतर येतो. पार्टी म्हणते, अजून दोन केबल वाढल्यात. मग हातड्रिलला होल सॉ (कडेला दात असलेली वाटीसारखी गोल करवत) लावून तिथंच भोक पाडावं लागतं.

साध्या पत्र्याला मी बाय-मेटल होल सॉ वापरतो. दात हायस्पीड स्टीलचे आणि अंग स्प्रिंग स्टीलचं, दोन्ही एकमेकांना वेल्ड केलेलं. त्यामुळे थोडा झटका बसला तरी दात सहसा उडत नाहीत. एकाच तबकडीवर बऱ्याच रिंगा बसणारे जे स्वस्त सेट मिळतात, ते लाकूड आणि जिप्सम बोर्डासाठी आहेत. ते लोखंडी पत्र्याला लावूच नयेत. लगेच बोथट होतात आणि मग माणूस ड्रिलवर नुसता जोर लावत बसतो.

पुशबटन आणि इंडिकेटरसाठी २२ मिमीचा सॉ घेतो. आयईसी ६०९४७-५-१ या मानकाप्रमाणे त्या भोकाचं माप २२.३ मिमी, वर ०.४ ची सूट. हातड्रिलवर सॉ त्याच्या लिहिलेल्या मापापेक्षा किंचित मोठंच भोक पाडतो, त्यामुळे २२ चा सॉ बहुधा बरोबर बसतो. तरी नवा सॉ आणला की आधी भंगार पत्र्यावर एक भोक पाडून व्हर्निअर लावून बघायचं, हा आमच्याकडे नियम आहे.

आता एका डेअरीचं काम आलंय. पेट्या स्टेनलेस ३०४ च्या, पत्रा १.५ मिमी. एम२५ आणि एम३२ ग्लँड (केबल पेटीत शिरते तिथं तिला घट्ट धरणारा भाग, आकडा म्हणजे मिमीत माप) बरेच, थोडे एम४०. काही पेट्या भिंतीवर लागून चालूही झाल्यात. माझ्याकडची मुलं साध्या पत्र्याला सरावलेली आहेत, स्टेनलेसला नाहीत. बाय-मेटल चालेल की टीसीटीच (टंगस्टन कार्बाइडच्या दातांचा) घ्यावा? की होल सॉ सोडून नॉकआउट पंचकडे (आवळत नेऊन पत्र्यातून अख्खी चकती कापणारा) जावं? ज्यांनी स्वतःच्या हाताने हे काम केलंय त्यांनी सविस्तर लिहावं.

---

टूलरूम_काका

चांगला विषय काढलात. कोणता सॉ हे नंतर बघू, आधी वेगाचं बोलतो, कारण स्टेनलेसमध्ये सॉ खराब होतो तो बहुतेक वेळा वेगामुळे.

हिशोब सोपा आहे. दाताचा वेग मिनिटाला किती मीटर ठेवायचा ते ठरवायचं, त्याला १००० ने गुणायचं आणि ३.१४ गुणिले मिमीतला व्यास याने भागायचं. आरपीएम मिळतो. बाय-मेटलसाठी साध्या स्टीलमध्ये मिनिटाला २७ मीटरच्या आसपास धरतात. म्हणजे २५ मिमीच्या सॉला साधारण ३५०, ३२ मिमीला २७०, ५१ मिमीला १७०. स्टेनलेसला यांच्या निम्मे: २५ ला १७५, ३२ ला १३५, ४० ला ११० च्या खाली. अॅल्युमिनियमला उलट दीडपट चालतो.

आता साइटवर काय होतं ते बघा. हातात १० मिमी चकचं साधं ड्रिल असतं, ते २८०० ने फिरतं. त्याला २५ मिमीचा सॉ लावून ट्रिगर पूर्ण दाबला की दाताचा वेग मिनिटाला २२० मीटर. स्टेनलेसला सोसेल त्याच्या सोळापट! दात निळे पडतात, धार जाते, आणि मग दोष सॉच्या कंपनीला मिळतो.

३०४ ला दोन खोडी आहेत. एक म्हणजे ते उष्णता वाहून नेत नाही, साध्या स्टीलच्या जेमतेम तिसरा हिस्सा. सगळी उष्णता दाताच्या टोकाशी साठते. दुसरी जास्त त्रासदायक. दात कापत नसून नुसता घासला गेला तर त्याखालचा पत्रा जागेवरच कडक होतो. मग पुढचा दात त्या कडक थरावर घासतो, तो आणखी कडक होतो. म्हणून स्टेनलेसमध्ये हलक्या हाताने बराच वेळ फिरवणं हे सगळ्यात वाईट. वेग कमी, दाब भरपूर आणि सलग. दाब काढायचा तर दात पत्र्यापासून पूर्ण उचलायचे, टेकवून फिरत ठेवायचे नाहीत. किस (कापताना निघणारे धातूचे तुकडे) जाडसर, चंदेरी निघत असेल तर बरोबर चाललंय. निळा निघाला तर थांबा आणि वेग कमी करा.

भोकाच्या मध्याची खूण करायचा सेंटर पंचही हलकाच मारा. जोरात ठोकला तर नेमकी तीच जागा कडक होते आणि पायलट ड्रिल (सॉच्या मध्यातलं बारीक ड्रिल) तिथंच घसरत राहतं.

ड्रिल दोन गिअरचं हवं, १३ मिमी चकचं, आणि पहिल्या गिअरमध्ये चालवायचं. बॅटरीवरची १८ व्होल्टची चांगली ड्रिल पहिल्या गिअरला ४५०-५०० पर्यंत जातात, ट्रिगर अर्धा दाबून हवं तिथं ठेवता येतात. हॅमर मोड बंद. हे लिहायला नको खरं, पण काँक्रीटचं काम करून आलेला माणूस तसाच मोड ठेवून पत्र्याला लागतो.

---

सातपूर_फिटर

काकांनी वेगाचं मस्त सांगितलं. मी पत्रा पकडण्याबद्दल लिहितो.

पातळ पत्र्यात पायलट ड्रिल क्षणात आरपार जातं. त्यानंतर त्याला आधार उरतो दीड मिलिमीटरचा. ड्रिल जरा हललं की पायलटच्या कडा ते भोक रुंद करतात, सॉ डुलायला लागतो, आणि भोक अंडाकृती होतं किंवा शेजारच्या रंगावर गोल ओरखडे उठतात. यावर दोन उपाय आहेत, दोन्ही आम्ही नेहमी करतो.

पहिला, पत्र्याच्या मागे लाकडाचा ठोकळा किंवा १८ मिमी प्लाय जी क्लॅम्पने घट्ट लावायचा. पायलट लाकडात शिरतं आणि शेवटपर्यंत सरळ राहतं. शिवाय सॉ पत्रा फोडून बाहेर पडताना जो हिसका बसतो तो लाकूड झेलतं. मागची बरही (कापलेल्या कडेची धारदार कोर) कमी येते.

दुसरा, ६ मिमी ड्रिलने आधी भोक पाडून घ्यायचं, मग आर्बरमधलं (सॉ ड्रिलला जोडणारा दांडा) पायलट ड्रिल काढून तिथं ६ मिमीचा साधा गुळगुळीत रॉड लावायचा. त्याला कापणारी धार नसल्यामुळे भोक मोठं होत नाही. आर्बर पायलट सहसा ६.३५ चं घेतो, तेव्हा रॉड स्क्रूखाली नीट पकडला गेलाय का बघा. शक्य असेल तर लेथवर ६.३५ चाच करून घ्या, मग आधीचं भोकही त्याच मापाचं पाडा.

आर्बरबद्दल एक. १४ ते ३० मिमीच्या सॉला अर्धा इंची आटा असतो, ३२ आणि पुढच्यांना पाच अष्टमांश. म्हणजे तुमच्या एम२५ आणि एम३२ ला दोन वेगळे आर्बर लागणार. मोठ्या आर्बरला दोन पिना असतात. सॉ पूर्ण आवळायचा, मग पिना भोकांसमोर येतील इतका मागे फिरवायचा आणि पिना आत ढकलायच्या. पिना न लावता नुसत्या आट्यावर चालवला तर सॉ आर्बरवर इतका घट्ट बसतो की काढताना सॉच वाकडा होतो.

हातमोजे घालून ड्रिल चालवू नका. पत्रा उचलताना मोजे, ड्रिल हातात घेतलं की मोजे काढायचे. चकमध्ये कापड अडकलं की हात सोबत जातो. गॉगल मात्र हवाच. आणि बाजूचं हँडल लावल्याशिवाय २५ च्या वरचा सॉ चालवू नये. अडकला तर मनगट फिरतं.

---

रेवती_इन्स्ट्रू

पॅनेलवाला दादा, काही पेट्या चालू झाल्यात असं लिहिलंय तुम्ही. माझा मुद्दा तेवढ्यापुरता आहे, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

लागलेल्या पॅनेलमध्ये होल सॉ चालवला की किस आत पडतो. तो कॉन्टॅक्टरमध्ये, टर्मिनलच्या फटीत, पीएलसीच्या वरच्या जाळीतून आत जातो. त्या दिवशी काही होत नाही. काही दिवसांनी कंपनाने तो सरकतो आणि दोन फेजमध्ये येऊन बसतो. साध्या पत्र्याचा किस निदान लोहचुंबकाने गोळा करता येतो. ३०४ चा किस चुंबकाला जवळजवळ चिकटतच नाही. म्हणजे चुंबक फिरवून "साफ झालं" असं समजणं स्टेनलेसमध्ये धोक्याचं आहे.

म्हणून चालू पॅनेलला माझं उत्तर नॉकआउट पंच. आधी स्टडपुरतं भोक, लहान मापांना साधारण १० मिमी, तेवढाच किस. बाकीची चकती अख्खी कापून निघते. भोक गोल, कडा स्वच्छ, माप नेमकं. पंच स्टेनलेससाठी चालणारा आहे का आणि किती जाडीपर्यंत, हे घेतानाच विचारा. साध्या पत्र्याचे पंच ३०४ मध्ये लवकर बोथट होतात. एम३२, एम४० ला हाताने पाना फिरवत बसण्यापेक्षा हायड्रॉलिक पंच बरा.

पुरवठा बंद, लॉक लावलेलं, टेस्टरने तपासलेलं. त्यानंतर आतल्या उपकरणांवर प्लास्टिक चिकटपट्टीने सील करायचं. काम झाल्यावर व्हॅक्यूम. हवेचा फवारा मारू नका, किस आणखी आत जातो.

---

पॅनेलवाला_भोसरी

काका, फिटर दादा, रेवतीताई, मनापासून आभार. चुंबकाचा मुद्दा मुलांना वाचून दाखवला. चालू पेट्यांना पंचच वापरणार, ठरलं.

ज्या पेट्या अजून शॉपमध्ये आहेत त्यांच्यासाठी बाय-मेटल की टीसीटी, हा प्रश्न शिल्लक आहे.

---

शिरोलीचा_पत्रेवाला

आमच्याकडे स्टेनलेसच्या पत्र्याला टीसीटीच. पत्र्यासाठीचा टीसीटी वेगळा दिसतो: उंचीला बुटका, वर कॉलर, आत स्प्रिंग. कॉलरमुळे आरपार गेल्यावर सॉ आत घुसत नाही, रंगावर किंवा पॉलिशवर चक आपटत नाही. स्प्रिंग चकती बाहेर ढकलते, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायची गरज नाही. दीड मिलिमीटरला भोक झरझर होतं आणि कडा बाय-मेटलपेक्षा स्वच्छ येते.

पण टीसीटीचे दात कडक म्हणून ठिसूळ. तिरका धरला, भोकात पुन्हा टेकवताना आपटला, किंवा अर्ध्या कापलेल्या भोकात फिरता सॉ घातला की दात उडतो. एक दात उडाला की मागचा दुप्पट कापतो आणि तोही जातो. हात स्थिर नसेल तर बाय-मेटल द्या.

---

टूलरूम_काका

शिरोलीकरांशी सहमत, थोडी भर घालतो. बाय-मेटल घेणार असाल तर दातांत कोबाल्ट असलेला घ्या. एम४२ ग्रेडमध्ये ८ टक्के कोबाल्ट असतो, तो तापल्यावरही धार धरून ठेवतो. स्टेनलेसमध्ये फरक जाणवतो.

पण पत्र्याच्या बाबतीत बाय-मेटलची मूळ अडचण दाताच्या अंतराची आहे. बहुतेक सॉना इंचाला ४ ते ६ दात असतात. ते जाड मालासाठी ठीक. पातळ पत्रा फुटायला लागला की एका बाजूने आधी फुटतो आणि दोन दातांमध्ये पत्र्याची कड अडकते. झटका बसतो तो तिथं. म्हणून बारीक दातांचा मिळाला तर तो घ्या, आणि शेवटच्या क्षणी दाब कमी करा, वेग वाढवू नका. काही जण ड्रिल गोल डुलवत कापतात. जाड मालात बाय-मेटलला ते चालतं, किस बाहेर यायला जागा मिळते. पत्र्यात त्याची गरज नाही आणि टीसीटीला तर अजिबात नाही.

तेल: कटिंग ऑइल किंवा पेस्ट. पेटीच्या खालच्या बाजूला वरच्या दिशेने ड्रिल करायचं असेल तर तेल थांबत नाही, तिथं कटिंग वॅक्सची कांडी दातांना घासून घ्यायची. डेअरी आहे, तेव्हा काम झाल्यावर सगळं पुसून काढा.

---

मेघना_के

मी तुमच्या क्षेत्रातली नाही, पण धागा मन लावून वाचला. घरी स्टीलच्या सिंकला फिल्टरच्या नळासाठी १२ मिमीचं आणि मिक्सरसाठी ३५ मिमीचं भोक करायचंय. प्लंबर म्हणतो "करून देतो", पण त्याच्याकडे फक्त लाकडाचा सेट आहे. काय सांगू त्याला?

---

सातपूर_फिटर

मेघनाताई, त्याला तो सेट लावू देऊ नका. १२ मिमीला स्टेप ड्रिल उत्तम. पायऱ्यापायऱ्यांनी भोक वाढत जातं, गोल राहतं, आणि पुढची पायरी किंचित टेकवली की मागच्या भोकाची बरही निघते. सिंकचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर असतो, स्टेप ड्रिलला तो सोपा. ३५ ला टीसीटी, वर सांगितला तसा बुटका कॉलरवाला.

भोकाच्या जागी दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप लावा, खालून लाकडाचा तुकडा धरून ठेवायला सांगा. बॅटरीचंच ड्रिल वापरा, ओल्या सिंकपाशी वायरचं ड्रिल नको. नंतर सिंक लगेच धुवून सगळा किस काढा, नाहीतर भांडी घासताना बोटात जातो.

---

डक्टवाला_ठाणे

मोठ्या भोकांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. जीआय डक्टमध्ये (हवा नेणारी, झिंकचा थर दिलेल्या पत्र्याची नळी) १०० किंवा १५० मिमीचं भोक हवं असतं तेव्हा लोक तेवढा मोठा होल सॉ शोधतात. पातळ डक्टला, तोही हातड्रिलवर, हा उद्योग करू नका. पत्रा लवचिक असतो, सॉ एका बाजूने पकडतो आणि ड्रिल हातातून फिरतं. हत्याराचं तोंड जाईल एवढं सुरुवातीचं भोक पाडून निबलरने (पत्रा कुरतडत कापणारं हत्यार) किंवा गोल कापायच्या कातरीने कापा. छपराच्या पन्हळी पत्र्यालाही निबलरच, कारण सॉचे दात उंचवट्यावर एकाच बाजूने टेकतात. कापलेल्या कडेला झिंकचा कोल्ड गॅल्वनायझिंग रंग लावा.

---

पॅनेलवाला_भोसरी

आणखी एक शंका. जुन्या साध्या पत्र्याच्या पेट्यांत २० ची भोकं आहेत, ती एम२५ साठी वाढवायची आहेत. पायलटला आता जागाच नाही. काय करता तुम्ही?

---

शिरोलीचा_पत्रेवाला

२० वरून २५ ला स्टेप ड्रिल. विचारच करू नका. नेमकी २५ ची पायरी असलेलं घ्या आणि त्या पायरीवर टेपची खूण करा, म्हणजे पुढच्या पायरीवर जाणार नाही. सोळा गेजला आरामात होतं.

स्टेप ड्रिलच्या बाहेरचं माप असेल, म्हणजे ३२ चं ४० करायचं असेल, तर १२ मिमी प्लायमध्ये ४० च्या सॉने भोक पाडा, तो प्लाय जागेवर क्लॅम्प करा आणि पायलट काढून सॉ त्या भोकातून चालवा. प्लाय सॉला सरळ धरतो.

---

रेवती_इन्स्ट्रू

भोक पाडल्यानंतरचं थोडं. डेअरीत पेट्यांवर रोज पाणी मारतात. भोकाच्या कडेला बर राहिली तर ग्लँडचा वॉशर कापला जातो आणि आयपी ६५ चं (धूळ-पाणी आत जाणार नाही याचं) लेबल असूनही पेटीत पाणी येतं. डीबर करायच्या हत्याराने दोन्ही बाजू साफ करा. कानस वापरणार असाल तर स्टेनलेससाठी नवी, वेगळी ठेवा. साध्या लोखंडावर वापरलेली कानस ३०४ वर घासली की तिच्यातले लोखंडाचे कण पत्र्यात बसतात आणि तिथं गंजाचे ठिपके येतात. वायर ब्रशचंही तेच. ग्राहक मग म्हणतो स्टेनलेस खोटं दिलं.

साध्या रंगवलेल्या पेटीत कापलेल्या कडेला झिंक प्रायमर, मग टचअप. आर्मर्ड केबलचा पितळी ग्लँड असेल तर अर्थ टॅग विसरू नका. पावडर कोटवर नुसता आवळलेला ग्लँड अर्थिंग देईलच असं नाही.

---

टूलरूम_काका

पॅनेलवाला, एक विचारतो. या पेट्यांना खाली ग्लँड प्लेट आहे का? चार-सहा स्क्रूवर बसणारी वेगळी प्लेट? असेल तर एवढं सगळं पेटीला उभ्याने करायचं कारणच नाही.

---

पॅनेलवाला_भोसरी

मोठ्या पेट्यांना आहे, काका. लहान जंक्शन बॉक्सना नाही.

---

टूलरूम_काका

मग मोठ्या पेट्यांच्या प्लेट काढून बाकावर आणा. आधी सगळ्या ग्लँडची जागा कागदावर आखा. भोकाचं अंतर भोकाच्या मापाने ठरवू नका, नटाच्या कोपऱ्यांच्या मापाने ठरवा आणि पाना फिरायला जागा सोडा. दोन नट एकमेकांना अडले तर प्लेट फुकट जाते. मग प्लाय खाली घालून पिलर ड्रिलवर (खांबावर बसवलेलं ड्रिल मशीन) क्लॅम्प करा, पट्टा सगळ्यात कमी वेगावर. लहान पिलर ड्रिल ५०० च्या खाली उतरत नाहीत, तसं असेल तर त्यावर बाय-मेटल नको, पंच वापरा. आधी सगळी पायलट भोकं, मग सगळी २५ ची, मग ३२ ची, म्हणजे आर्बर सारखा बदलावा लागत नाही.

लहान बॉक्सना एम२५ च आहे ना? मग ते टीसीटीने, आत लाकडी ठोकळा घालून. ठोकळा बॉक्सच्या आतल्या उंचीएवढा कापून घ्या, क्लॅम्पची गरज लागणार नाही.